हितचिंतकाचं अक्षर

पारनेर,
१० नोव्हेंबर २०२४

चि. चांगुणाबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुझी खुशाली मात्र मला परक्या माणसांकडून कळते, हे काही ठीक नाही.

भाऊबीजेला गुडघ्यांनी दगा दिला म्हणून येता आलं नाही. तू रागावली असशील, तर खुशाल रागाव, पण वहिनीने पाठवलेल्या चकल्या तेवढ्या राग न धरता खा. फोनवर तुला ऐकू येत नाही, सहादेव आणि रोहिणी ऊसतोडीला गेलेले, म्हणून नेहमीप्रमाणे पत्रच लिहितो.

माझा जुना विद्यार्थी महेंद्र, तिसगावात मोबाईलचं दुकान चालवतो तो, परवा इकडे आला होता. तो सांगत होता की तुझ्याकडे रोज सकाळी एक ख्रिस्ती बाई येते, आत शिरली की दार लोटून घेते आणि चांगली अर्धा तास बसते. मुलगा-सून घरात नसताना, एकट्या बाईच्या घरी, दार लोटून! मी बत्तीस वर्षं शाळेत काढली. न सांगता फळा पुसायला धावणाऱ्या मुलाकडे मी आधी बघत असे, कारण त्याने मागच्या तासाला काहीतरी फोडलेलं असायचंच. हल्ली कोणी कोणाचं उगाच काही करत नाही. ही बाई कोण, कुठली, तिला तुझ्याकडून काय हवं आहे, ते सविस्तर कळव. कशावरही सही किंवा अंगठा देऊ नकोस.

वहिनीने तुझी आठवण काढली आहे. उलट टपाली उत्तर धाड, म्हणजे आमच्या जिवाला थारा मिळेल.

तुझा,
दादा


चिंचमळा वस्ती, पोस्ट तिसगाव,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,
धाकट्या चांगुणाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. पत्र मिळालं. चकल्या संपल्या, राग थोडा शिल्लक आहे.

आता पायाचं तुला सांगावंच लागणार. दसऱ्याच्या आधी बाभळीचा काटा उजव्या पायात गेला. साखरेमुळे पायाला काही कळत नाही, त्यामुळे आठ दिवस मला पत्ताच नव्हता. पोरं निघायची घाई होती म्हणून त्यांनाही बोलले नाही. ती गेली आणि जखम चिघळली. ज्या बाईवर तू खवळला आहेस तिने ती पाहिली आणि तेव्हापासून रोज धुऊन पट्टी करते. दार लोटते कारण वासाला कुत्री आत येतात. महेंद्रला म्हणावं, एकदा येऊन वास घेऊन जा.

तिचं नाव मोनिका भिंगारदिवे. सरकारी नर्स होत्या, गेल्या वर्षी निवृत्त झाल्या आणि वस्तीच्या टोकाला वडिलांच्या घरात राहायला आल्या. टोळ्या ऊसतोडीला गेल्या की आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांशिवाय कोण उरतं? सकाळी सात घरं फिरतात. कोणाची पट्टी, कोणाच्या गोळ्या, कोणाला नुसती आंघोळ. मला ऐकू येत नाही म्हणून माझ्यासाठी पाटी आणली आहे. त्या लिहितात, मी बोलते.

मीही आधी तुझीच बहीण होते. पहिले पंधरा दिवस त्या आल्या की मी कपाटाची किल्ली कनवटीला लावून बसायचे. मग एक गोष्ट घडली. पलीकडच्या सहादूबाबाला त्यांनी दाबाची संध्याकाळची गोळी चुकून सकाळी दिली. म्हाताऱ्याला दिवसभर चक्कर. कोणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी बाबाला आणि म्हातारीला स्वतःहून सांगितलं की चूक माझी आहे, आणि दिवसभर उशाशी बसून राहिल्या. घरी जाताना मलाही पाटीवर लिहून दाखवलं. आपली चूक आपण लिहून दाखवणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं, दादा. हे तुझ्यापाशी ठेव, वस्तीत अजून बोभाटा नाही.

राहिली प्रार्थना. ती करतात. आधी पाटीवर विचारतात की चालेल का, मी मान हलवते. मग त्या डोळे मिटतात. ओठ हललेले दिसतात, ऐकू काही येत नाही. ठार बहिऱ्या बाईचं धर्मांतर कसं करतात ते तू शिक्षक आहेस, तूच सांग.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरची माया आहे तितकी राहू दे, शंका थोड्या कमी कर.

तुझी,
चांगुणा


पारनेर,
४ डिसेंबर २०२४

चि. चांगुणाबाईस,
आशीर्वाद. रविवारी तुझ्याकडून आलो तो अजून अन्न गोड लागत नाही.

माझ्यासमोर जे झालं ते तुला ऐकू आलं नाही, म्हणून लिहितो. मी त्या बाईला सरळ विचारलं की तुम्हाला ह्यातून काय मिळतं. ती म्हणाली, काही नाही. मी म्हणालो, मग तुमच्या चर्चला काय मिळतं. तरीही ती पट्टी बांधत राहिली. मी म्हणालो की माझ्या भोळ्या बहिणीच्या पायाचं निमित्त करून तुम्ही घरात पाय पसरता आहात. तेव्हा मात्र ती उठली आणि मला म्हणाली की पारनेरात बसून तुम्हाला माझ्या धर्माचा वास आला, पण इथे बसून बहिणीच्या पायाचा येत नाही! मला, एका निवृत्त मुख्याध्यापकाला, माझ्या बहिणीच्या घरात! हा का तिचा सेवाभाव? मुखवटा किती पटकन गळतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आता माझं नीट ऐक. आपल्या मायबापांच्या मागे तुला माहेर म्हणून मी एकटा उरलो आहे. ती बाई तुझ्या घरात पुन्हा आली, तर मी तुझा उंबरा चढणार नाही. पट्टीसाठी गावात दुसरं कोणी मिळेल. बाकी काय करायचं ते मी बघतो.

वहिनी म्हणते की इतकं कडक लिहू नये. पण मी लिहितो ते तुझ्यावर जीव आहे म्हणूनच.

तुझा,
दादा


१२ डिसेंबर २०२४

चिंचमळा वस्तीतील समस्त जाणत्या मंडळींस,
सादर नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या वस्तीतील तरुण मंडळी ऊसतोडीला गेल्याची संधी साधून एक निवृत्त परिचारिका वृद्धांच्या घरोघरी फिरत आहे. औषधाच्या नावाखाली प्रार्थना चालते. उद्या आपले आईवडील कोणत्या देवाला हात जोडतील, याचा विचार करावा. शिवाय सदर बाईने एका वृद्धास चुकीची गोळी देऊन त्याचा जीव धोक्यात घातल्याचे खात्रीलायक समजते. उद्या काही बरेवाईट झाल्यास मुलाबाळांना काय तोंड दाखवणार?

सदर बाईस कोणाच्याही घरात प्रवेश देऊ नये. आपण सुज्ञ आहात. अधिक लिहिण्याची गरज नाही.

आपला,
एक हितचिंतक


चिंचमळा वस्ती,
९ जानेवारी २०२५

ती. दादास,
चांगुणाचा नमस्कार. बरेच दिवस पत्र लिहिलं नाही, हात उचलत नव्हता.

तुझ्या शब्दाबाहेर मी गेले नाही. मोनिकाबाईंना मी दारातूनच परत पाठवलं. भावाची शपथ आहे असं सांगितलं. त्यांनी पाटी आणि पट्ट्यांचं सामान उंबऱ्यावर ठेवलं आणि गेल्या. आता शेजारची राहीबाई तिला जमेल तशी पट्टी करते. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आहे.

वस्तीत एक निनावी पत्र आलं. मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर ते वाचलं, मोनिकाबाईंच्या हातातही दिलं. कोण काय बोललं ते राहीबाईने मला पाटीवर लिहून दाखवलं. सहादूबाबा काठी टेकत उभा राहिला आणि म्हणाला की गोळीचं तिनंच मला सांगितलं व्हतं, न्हाई तर मला अडाण्याला काय कळनार हुतं. पण जाणत्यांनी ठरवलं की पोरं पाडव्याला परत येईपर्यंत बाईंनी कोणाच्या घरात जाऊ नये, उगाच बोल नको. मोनिकाबाईंना विचारलं की तुमचा कोणावर संशय आहे का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

गोळीची गोष्ट बाहेर कशी गेली, हे आता जो तो दुसऱ्याला विचारतो. सहादूबाबाची म्हातारी राहीबाईवर संशय घेते, राहीबाई माझ्यावर. दोघी नळावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहतात. सात घरांची म्हातारी माणसं, आधी सकाळी एकमेकांची खुशाली तरी कळायची. आता कोणाच्या पोटात काय आहे याचाच सगळे अंदाज घेत बसतात.

संक्रांतीचा तीळगूळ सोबतच्या पुडीत आहे. गोड बोल.

तुझी,
चांगुणा


पारनेर,
१८ जानेवारी २०२५

चि. चांगुणाबाईस,
आशीर्वाद. तीळगूळ पोचला. तू माझा शब्द राखलास, बरं वाटलं. बोट तालुक्याला नेऊन दाखव, हयगय नको. मलम पाठवत आहे.

निनावी पत्राचं ऐकलं. लिहिणारा कोणी का असेना, त्याने काही चुकीचं लिहिलेलं दिसत नाही.

आणि आता ऐक, माझा संशय कसा खरा ठरला ते. महेंद्रच्या दुकानात त्यांच्या चर्चमधली एक मुलगी रिचार्जला येते. ती सांगत होती की जानेवारीच्या पहिल्या रविवारी सगळी मंडळी प्रभुभोजनाला पुढे गेली आणि ही बाई मागच्या बाकावर मान खाली घालून बसून राहिली. भाकरीला हात लावला नाही. त्यांच्यात असं कोणी उगाच बसत नाही म्हणे. म्हणजे तिच्या स्वतःच्या लोकांनीच तिला बाजूला काढलेलं आहे! काय केलं असेल, देव जाणे. आपल्या माणसांना जी नको झाली, ती आपल्या घरात हवी कशाला?

वहिनीच्या पायांना कळ येते, तिनेही तुला विचारलं आहे. जिवाला जप.

तुझा,
दादा


नगर,
४ फेब्रुवारी २०२५

श्री. गहिनीनाथ गुरुजी यांना,
मोनिका भिंगारदिवेचा सलाम. आधी महत्त्वाचं, म्हणजे चांगुणाबाई आता बऱ्या आहेत. गुरुवारी इथल्या दवाखान्यात त्यांच्या पायाचं एक बोट काढावं लागलं. पाय वाचला आहे. त्यांच्या मुलाला, सहादेवला, मुकादमाच्या फोनवर कळवलं आहे, तो आज पोचेल.

मी त्यांच्या घरात गेले नाही, हे तुम्हाला कळावं. बुधवारी त्यांना ताप भरला तेव्हा राहीबाई माझ्याकडे धावत आली. तिने आणि सहादूबाबाच्या पत्नीने मिळून त्यांना रस्त्यापर्यंत आणलं, तिथून पुढे मी जीपमध्ये बसले. त्या दोघी महिनाभर बोलत नव्हत्या, चांगुणाबाईंना दोन बाजूंनी धरताना बोलाव्या लागल्या.

आता माझं. १ डिसेंबरला मी तुम्हाला वासाबद्दल जे बोलले त्याची माफी मागण्यासाठी हे पत्र आहे. ते खोटं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावत होते. पण ते मी तुमच्या किंवा तुमच्या बहिणीच्या भल्यासाठी बोलले नव्हते. तुम्हाला लागावं म्हणून बोलले होते. चांगुणाबाईंना ऐकू आलं नाही, पण तुमचा चेहरा त्यांना दिसला. त्याच सकाळी मी चर्चमध्ये प्रभुभोजन घेऊन आले होते आणि तासाभरात जीभ सोडली.

आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याआधी ज्याने त्याने स्वतःला तपासायचं असतं. कोणाशी मन बिघडलं असेल तर आधी जाऊन ते मिटवायचं, मग भाकरीला हात लावायचा. जानेवारीत मी जागेवर बसून राहिले. परवाही बसले. लोकांना वाटलं की मला शिक्षा झाली. राग जात नव्हता म्हणून हे पत्र लिहायला दोन महिने लागले, एवढंच त्यामागे आहे.

तुम्ही उत्तर द्यावं अशी सक्ती नाही, माफ करावं अशीही नाही. माझ्याकडून तुमच्याशी माझं काही बिघडलेलं नाही, एवढं मात्र खरं समजा.

आपली नम्र,
मोनिका भिंगारदिवे


पारनेर,
१० फेब्रुवारी २०२५

चि. चांगुणाबाईस,
आशीर्वाद. शुक्रवारी दवाखान्यात येऊन गेलो. सहादेव औषधं आणायला गेला होता आणि तू झोपली होतीस. ती बाई खाटेशी बसून संत्रं सोलत होती. मला पाहून उठली आणि खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. तुझ्या पायाचं बांधलेलं टोक पाहिलं आणि खाली येऊन रसवंतीच्या बाकावर किती वेळ बसलो ते आठवत नाही.

त्या बाईचं मला पत्र आलं आहे. माफी मागते. मी ते सात वेळा वाचलं, पाठपोट पाहिलं. जिने माझं काही बिघडवलेलं नाही, जिने तुझा जीव वाचवला, ती माझी माफी का मागते? ह्यात काहीतरी डाव असणार, पण तो मला सापडत नाही. तिला माझा पत्ता कोणी दिला?

एक सहज विचारतो. त्या निनावी पत्राच्या बाबतीत वस्तीत पुढे कोणाचं नाव निघालं का? सहजच.

औषधं वेळेवर घे. वहिनी रोज तुझं नाव काढते.

तुझा,
दादा


चिंचमळा वस्ती,
१९ फेब्रुवारी २०२५

दादा,
वर नमस्कार लिहिलेला नाही. शेवटपर्यंत वाच म्हणजे का ते कळेल.

सहजच विचारतोस, तर सहजच सांगते. नाव निघालेलं नाही. पण मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. पारावर ते पत्र माझ्याही हातात आलं होतं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला धड दोन ओळी लिहिता येत नव्हत्या. तू दर महिन्याला पत्र पाठवायचास, तुझी अक्षरं गिरवून गिरवून मी लिहायला शिकले. बेचाळीस वर्षांची तुझी पत्रं माझ्या ट्रंकेत आहेत. फळ्यावर लिहिल्यासारख्या तुझ्या ओळी उजवीकडे वर चढत जातात. वर ती गोळीची गोष्ट, जी मी फक्त तुला लिहिली होती. एवढा हुशार माणूस, आणि चिंचमळ्यात आपलं अक्षर ओळखणारी एक बाई राहते हे कसं विसरलास रे?

मी गप्प बसले. भावाची अब्रू म्हणून गप्प बसले. माझ्यासमोर राहीबाईवर आळ आला तरी गप्प बसले. मोनिकाबाईंना दाराबाहेर ठेवलं आणि बोट काळं होताना बघत बसले. हे सगळं माहेरासाठी. दादा, मी तुझ्यावर चिडले आहे. इतकी तर मी तुझ्या भाऊजींवरही कधी चिडले नव्हते.

आता तुझ्या डावाचं. दवाखान्यात तुझं जानेवारीचं पत्र माझ्या उशाखाली होतं. सोमवारी मोनिकाबाईंनी मला विचारून त्याच पाकिटावरून तुझा पत्ता उतरवून घेतला. लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. त्यांनी अक्षराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांनी पत्ता पुरा केला, पाकीट परत उशाखाली ठेवलं आणि माझ्यासाठी पाणी भरायला गेल्या. तुझी माफी त्यांनी त्याच्या दुसऱ्या दिवशी मागितली. सगळं कळल्यावर.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी विचारलं की ज्याने तुमचं वाटोळं केलं त्याची तुम्ही कसली माफी मागता, उलट पारावर जाऊन त्याचं नाव सांगा. त्यांनी पाटीवर लिहिलं की गुरुजींनी लिहिलं ते त्यांचं, मी बोलले ते माझं, मी माझं पुसते. मग खाली आणखी लिहिलं की मलाही राग आला आहे, फार आला आहे, आणि रोज सकाळी तो पुन्हा नव्याने खाली ठेवावा लागतो. माझ्यासमोर देवाचं नाव त्यांनी मोठ्याने घेतलं असतं तरी मला ऐकू आलं नसतं. हे मात्र मी वाचलं.

त्या आता माझ्याकडे पुन्हा येतात. जाणत्यांना मी सांगितलं आहे की माझं घर आहे, माझा पाय आहे. बाकी सहा घरांत त्यांना अजून मनाई आहे. सहादूबाबाच्या गोळ्या परत चुकायला लागल्या आहेत, आता चूक सांगणारं कोणी नाही.

तू यायचं की नाही ते तू ठरव. मी दार लावलेलं नाही.

चांगुणा


पारनेर,
२५ फेब्रुवारी २०२५

चिंचमळा वस्तीतील समस्त मंडळींस,
नमस्कार. डिसेंबरात आपल्या वस्तीत एक निनावी पत्र आलं होतं. ते मी लिहिलं होतं. नगरच्या स्टँडवर जाऊन मी ते पेटीत टाकलं, म्हणजे पारनेरचा शिक्का पडू नये. बत्तीस वर्षं मुलांना मी शिकवलं की केलेलं कबूल करावं, आणि सत्तरीत हे केलं.

त्या पत्रातलं गोळीचं प्रकरण मोनिकाबाईंनी स्वतः सांगितल्यामुळेच मला बहिणीकडून कळलं होतं. त्यांच्या खरेपणाचाच मी त्यांच्यावर दगड केला. राहीबाईंचा किंवा आणखी कोणाचा त्यात काडीचाही संबंध नाही. त्याआधी मीच घातलेल्या शपथेमुळे माझ्या बहिणीची पट्टी थांबली आणि तिचं बोट गेलं. मोनिकाबाईंना जी घरं बंद केलीत, ती माझ्या शब्दावर केलीत. माझा तो शब्द मी परत घेतो. त्यांना पुन्हा घरात बोलवावं, ही हात जोडून विनंती.

मोनिकाबाईंना माझं अजून एक सांगणं आहे, ते इथेच सांगतो. तुम्ही माझी माफी मागितलीत तेव्हा मी त्यात डाव शोधत होतो. तो अजूनही सापडलेला नाही. मी संशयी माणूस आहे, ते काही ह्या वयात जाणार नाही. पण आता सकाळी उठल्यावर पहिला संशय मला माझाच येतो.

येत्या रविवारी मी सकाळच्या गाडीने येत आहे. हे पत्र पारावर मी स्वतः उभा राहून वाचणार आहे, टपालाने आधी पाठवतो ते एवढ्यासाठीच की मधेच माझा विचार फिरू नये. ते होईपर्यंत बहिणीच्या घरचं पाणीही घेणार नाही. चांगुणाला सांगावं की भाकरी नंतर थाप.

खाली माझं पूर्ण नाव लिहिलं आहे. अक्षराबद्दल कोणाला शंका असल्यास माझ्या बहिणीला विचारावं, ती ओळखते.

गहिनीनाथ बाबूराव औटी,
निवृत्त मुख्याध्यापक, पारनेर